अकरा रुपये तेलाचे

फलक लागला तेव्हा मी गर्दीत मागं होतो,
हात ग्रीसचे, म्हणून खिशात.
माईकवर कुणी म्हणालं, इथेच, याच वास्तूत
वेणू धायगुडे यांनी पहिली कथा लिहिली.
वास्तू चौऱ्याहत्तर सालची.
बाईंनी पुणं सोडलं त्रेसष्टला,
आणि राहायच्या मागल्या बोळात, जिन्याखालच्या खोलीत.
मी काही बोललो नाही.
सायकलवाल्याला कोण विचारतंय.

त्यांची सायकल आमच्या दुकानात आहे.
माळ्याखालच्या हुकाला, पुढचं चाक वर,
लेडीज, हिरवी, घंटीची टोपी गेलेली.
पानशेतच्या पुरानंतर चार दिवस चिखलात पडून होती.
वडलांनी एक्सल खोलला तर आतून गाळ निघाला,
बारीक, भिजल्या वह्यांच्या वासाचा.
बाई स्टुलावर बसून बघत होत्या
आणि म्हणाल्या म्हणे,
भोकरे, इतक्यात पुसू नका.

मग लग्न, मग जबलपूर,
नवरा तोफांच्या कारखान्यात.
सायकल राहिली.
न्यायला येते, म्हणाल्या.

खंडेनवमीच्या आधी मनिऑर्डर यायची.
अकरा रुपये, आणि खालच्या चिटोऱ्यावर
पाच-सहा शब्द, कारण जागाच तेवढी.
तेल घाला. झेंडू वाहा. हवा ठेवा.
पुस्तकं गाजली, बक्षिसं झाली, पेपरात फोटो आले,
अकराचे बारा काही झाले नाहीत.
एका वर्षी नुसतंच: मुठेला पाणी आहे का?

मी वाचली सगळी. दुकानात गिऱ्हाईक कमी झालं
तसतसं वाचन वाढलं.
चाळीस वर्षं तिकडं काढून
बाईंच्या गोष्टीत नर्मदा एकदाच येते,
तीही कुणाच्या तरी पत्त्यात.
बाकी माणसं आमच्याच पेठेतली,
बोळाच्या तोंडाशी चप्पल तुटलेली,
दळण विसरून अर्ध्यातून परत फिरणारी.
ती ज्या दुकानांत उधारी मागतात
तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

त्या जाड कादंबरीत मात्र एक चूक आहे.
पान एकशे बारा. मुलगी ओंकारेश्वरापासून
वर शनिवारात येते, पायडल न मारता,
वेण्या मागं, कानात वारा.
तो चढ आहे.
मी जन्मभर त्या चढावर सायकली ढकलल्यात,
पंक्चर झालेल्या, दुसऱ्यांच्या.
कार्ड टाकलं: ताई, तिथं उतार नाही.

तीन आठवड्यांनी उत्तर.
भोकरे, तुमचं बरोबर आहे,
पुढल्या आवृत्तीत सुधारते.
आणि खाली, वेगळ्या शाईत,
बहुतेक दुसऱ्या दिवशी लिहिलेलं:
इथून मला तो उतारच वाटतो.

चार आवृत्त्या निघाल्या.
मी प्रत्येक वेळी आधी एकशे बारा पान उघडलं.

मग एका नवमीला काही आलं नाही.
पोस्टमनला विचारलं, तो हसला,
मनिऑर्डर? अजून कोण पाठवतं?
आठ दिवसांनी पेपरात चौकट.

भाचा आला होता, गाडी लांब लावून.
संग्रहालय करतोय म्हणाला, सायकल द्या.
मी म्हणालो, पावती दाखवा.
नव्हती त्याच्याकडं.
कशी असेल, दोन्ही अर्धुकं माझ्याच गल्ल्यात.

यंदा मंडईतून पावशेर झेंडू आणला.
सायकल खाली घेतली, चेनला तेल, दोन्ही चाकांत हवा.
मागचं चाक हातानं फिरवलं तर
चहा येईस्तोवर फिरत राहिलं.
अकरा रुपये माझेच टाकले.
वहीत लिहिलं: धायगुडे बाई, तेल, जमा अकरा.
शेऱ्याच्या रकान्यात
वडलांनी दर वर्षी लिहायचे तेच,
न्यायला येणार.